पाएयाच्या सहा चिठ्ठ्या

१२ सप्टेंबर १९९४, सोमवार

आज ऑगिल्वीसाहेबांनी 'पी' अक्षराचं खोकं माझ्या टेबलावर आणून आदळलं. "खाण्यापिण्याचे परदेशी शब्द म्यूरिएलकडे," असं आमच्या कोशकार्यालयात तीस वर्षं ठरलेलंच आहे. मला स्वतःला उकडलेल्या बटाट्यापलीकडे फारसं काही रांधता येत नाही, पण व्याख्या करायला चूल लागत नाही.

या खेपेचा बडा शब्द 'पाएया'. आमच्या १९६१ च्या आवृत्तीत त्याचा अर्थ दिलाय, 'स्पॅनिश लोकांचा एक भात'. शेळीला 'एक जनावर' म्हणण्यातला प्रकार. आता चार ओळी द्यायच्यात, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

खोक्यातले दाखले वाचून करमणूक झाली. एका महिला मासिकानं १९५८ साली हिच्यात डबाबंद सॉसेज घालायला सांगितलंय. एका वर्तमानपत्रानं मंत्रिमंडळालाच 'पाएया' म्हटलंय, म्हणजे वाट्टेल ते एकत्र कोंबलेलं. एका गोठवलेल्या पाकिटावर छापलंय, 'पाएया, एका माणसासाठी'. यातलं काहीही चूक म्हणायचं नाही. इंग्रजीत लोक शब्द कसा वापरतात ते आम्ही लिहितो, कसा वापरावा ते नाही. आम्ही न्यायाधीश नव्हे, कारकून.

फक्त तोंडी दाखले कमी आहेत. पण त्याची मला चिंता नाही. माझ्या मुलाची, कॉलिनची, बायको अँपारो वालेन्सियाजवळच्या तळ्याकाठच्या खेड्यातली, म्हणजे पाएयाच्या माहेरचीच. कॉलिन उत्तर समुद्रात तेलविहिरीच्या फलाटावर दोन आठवडे कामाला असतो आणि दोन आठवडे घरी. अँपारो आणि तीन वर्षांची नूरिया इथेच एडिनबराच्या लीथ भागात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात. अँपारो आता इंग्रजी उत्तम बोलते. दाखले उतरवायच्या कोऱ्या चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये असतातच. माझा नवरा अलास्टर जाऊन नऊ वर्षं झाली. तो म्हणायचा, "तू भांडतानासुद्धा पेन्सिल शोधतेस." खोटं नव्हतं.

१८ सप्टेंबर, रविवार

मी सुचवल्यावरून अँपारोनं आज माझ्या स्वयंपाकघरात पाएया केली. कढई एवढी रुंद की गॅसच्या दोन शेगड्यांवर आडवी ठेवावी लागली, आणि ती बाई पाऊण तास तिला स्टिअरिंगसारखी फिरवत उभी. मी शेजारी स्टूल घेऊन बसले.

"कांदा?" मी विचारलं.

"कांदा नाही."

"झिंगे?"

"आमच्या घरी नाही. कोंबडी, ससा, दोन प्रकारच्या शेंगा, टोमॅटो, केशर... दहा वस्तू. अकरावी घातली की संपलं."

"मग आमच्याकडे पाकिटात मिळते ती?"

"त्याला आम्ही 'भात आणि त्यात पडलेल्या वस्तू' म्हणतो," ती म्हणाली आणि मनापासून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

कढई तिनं तशीच टेबलाच्या मधोमध ठेवली आणि भोवती चमचे मांडले. मी अर्थातच बशा आणल्या. तिच्याकडे म्हणे सगळे कढईतूनच खातात, ज्यानं त्यानं आपल्या समोरचा तुकडा संपवायचा, शेजारच्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. मी माझ्या निळ्या काठाच्या चांगल्या बशांत वाढून दिलं तेव्हा ती बशीकडे बघत राहिली. "ठीक आहे," म्हणाली.

जेवताना एक वाक्य फार सुरेख बोलली. चहाच्या निमित्तानं आत जाऊन लगेच चिठ्ठीवर उतरवलं. 'रविवारची पाएया बाबांनीच करायची. ऑगस्टपासून आमच्या अंगणातली चूल पेटलेली नाही. कुणीतरी जाऊन बघायला पाहिजे.' शब्द, त्याला जोडलेला वार, करणारा पुरुष, उघड्यावरची चूल, सगळं तीन वाक्यांत. असे दाखले मागून मिळत नाहीत.

२५ सप्टेंबर, रविवार

नूरियाला दिवसभर ठेवून घेतलं. दुपारी मुद्दाम ते गोठवलेलं पाकीट आणून गरम करून दिलं. त्यात मटार, झिंगे आणि कसलेसे लाल सॉसेजचे तुकडे. पोरीनं बोटं चाटली. अँपारो संध्याकाळी न्यायला आली. ती वालेन्सियाची असूनही पाकिटातल्या ऐवजाला चक्क 'पाएया' म्हणाली. सैल अर्थ माहेरच्या माणसाच्या तोंडी! चिठ्ठी: 'तुमच्याकडे ही मटारवाली पाएयासुद्धा खाते. तुमच्याकडे ही महिनाभर माझ्याशिवाय राहील.'

मी म्हटलं, "मुलं काय, दुसऱ्याच्या घरी सगळंच खातात." ती थोडा वेळ कोट हातात घेऊन उभी होती. मग गेली.

२ ऑक्टोबर, रविवार

अँपारो दारात येताच म्हणते, "आत येऊ? की माझा चहा झालाच असेल?" पाहुण्याला 'तुमचा चहा झालाच असेल' म्हणून काही न देणाऱ्या आम्हा एडिनबरावाल्यांची ही चेष्टा तिला कॉलिननं शिकवली, आणि आता ती आमच्याच तोंडावर मारते. मी तिला दोन बिस्किटं दिली, नेहमी एक देते.

खरं म्हणजे पोरगी किती बदलली! लग्नानंतर सुरुवातीला माझ्या टेबलाशी बसून म्हणायची, "मीठ दे. खिडकी लाव. उद्या नूरियाला घे." मीच तिला शिकवलं की बाई गं, आमच्याकडे असं थेट मागत नाहीत. आपली अडचण नुसती बाजूला ठेवून द्यायची, समोरच्यानं ती आपणहून उचलली तर उचलली, नाही उचलली तर दोघांचीही अब्रू राहते. आता ती हे इतकं सफाईनं करते की ऑगिल्वीबाईंना ती इथलीच वाटली. मला त्याचा अभिमान आहे.

पाकिटावरचं 'एका माणसासाठी' तिला दाखवलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली (चिठ्ठी): 'एकट्यानं पाएया खाणारा म्हणजे ज्याची माणसं दूर आहेत असा माणूस. माझे बाबा सध्या एकटेच जेवतात.' शब्दाच्या सामाजिक छटेसाठी उत्तम.

९ ऑक्टोबर, रविवार

कॉलिन परवा फलाटावर गेला. अँपारोला आज खोदून विचारलं की कढईच्या तळाला लागून करपते त्या खरवडीला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे का, आणि इथे कुणी इंग्रजीत ते वापरतं का. तिनं नाव सांगितलं आणि म्हणाली, 'बाबांना पाएयाची खरवड आता गिळवत नाही. पेजेवर आहेत. डॉक्टर नाताळचं बोलत नाहीत.'

मला वाईट वाटलं, तसं मी म्हटलंही. बातिस्तरावांना, म्हणजे तिच्या वडिलांना, मी लग्नात भेटले होते. हसतमुख, बुटका माणूस, माझ्याशी एक अक्षर समजत नसताना तासभर बोलला. पण जास्त विचारलं नाही. माणूस दुःखात असताना टोकरणं बरं नव्हे. तिला काही हवं असेल तर ती सांगेल. मी तिला आणखी चहा दिला आणि खरवडीच्या त्या नावाचा उच्चार पुन्हा एकदा करून घेतला.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

'पी'च्या खोक्यातले सतरा शब्द उरलेत. दुपारी मी घरून ऑगिल्वीसाहेबांशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात अँपारो नूरियाला कडेवर घेऊन आली. मी हातानं 'बस' म्हटलं. ती दारातच उभी राहून काहीतरी बोलली, मी मान हलवली, ती गेली. नोंद करण्यासारखं काही नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

व्याख्येचा पहिला खर्डा झाला. अडचण वेगळीच आहे. इंग्रजीत हा शब्द पसरत पसरत 'कशाचीही सरमिसळ' इथवर आलाय, आणि अँपारोच्या तोंडी तो इतका आवळलेला आहे की त्यात अकरावी वस्तू मावत नाही. घर सोडून परदेशात आलं की शब्दाला कुणीही काहीही चिकटवतं आणि तो बिचारा निमूट ऐकून घेतो. हे मी अँपारोला सांगितलं. ती म्हणाली, "शब्दच कशाला?" मला ते चमकदार वाटलं, पण त्यात 'पाएया' नव्हतं, म्हणून टिपलं नाही.

टिपलं ते हे: 'पाएया उतरवली की पाच मिनिटं थांबायचं. जास्त थांबलं की गेली. सगळ्याच गोष्टी थांबत नाहीत, म्यूरिएल.' मग तिनं विचारलं, माझं हे काम कधी संपणार. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी म्हटलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

अँपारो ज्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते तिथून थेट माझ्याकडे आली, हाताला अजून कोबीचा वास. थकलेली दिसली. मी ढवळण्याबद्दल विचारलं, कारण आमच्या चार पाककृतींत 'सतत ढवळावे' असं आहे. ती म्हणाली, 'पाएया ढवळायची नसते. पण ती होईपर्यंत कुणीतरी जवळ उभं राहावं लागतं. मी इथून कशी उभी राहू?'

तिसऱ्या वाक्याचा पहिल्या दोनांशी संबंध लागला नाही. तरी प्रामाणिकपणे तेही उतरवलं. चिठ्ठी सहावी.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते मला नीटसं कळलेलं नाही. जसं घडलं तसं लिहून ठेवते.

नूरियाला चित्र काढायचं होतं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "खणातल्या बुटांच्या खोक्यात कोरे कागद आहेत बघ." कोरे होतेच, पण वरच्या थरात लिहिलेले होते. मी चहा घेऊन आले तर अँपारो जमिनीवर बसून वाचत होती.

"हे मी बोलले होते?" तिनं विचारलं.

"शब्दशः," मी म्हटलं. जरा फुशारकीनंच म्हटलं.

"'मौखिक. अँपारो, वय ३१, वालेन्सिया, सध्या लीथ.' म्हणजे मी?"

"उगम द्यावाच लागतो. तुझं नाव कायमचं राहील दप्तरात."

"तुम्ही मधेच उठून आत जायचात, ते यासाठी?"

"लगेच लिहिलं नाही तर विसरायला होतं ना."

"काय विसरायला होतं?"

"वाक्य."

त्यावर ती हसली. तसं हसणं मी तिच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं. मग एक चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाली, "माझे बाबा मरतायत, म्यूरिएल. या कागदावर आहे ते, तुमच्याच अक्षरात. आणि तुम्ही रेघ मारलीय ती पाएयाच्या खरवडीखाली."

मी म्हटलं, "ज्या शब्दाचा दाखला असतो त्याखाली रेघ मारायची, असा नियम आहे."

तिनं नूरियाला कोट घातला. बटणं लावायला मी पुढे झाले, तर तिनं पोरीला आपल्याकडे ओढलं. चहाकडे बोट करून मी म्हटलं, "निदान एवढा तरी..."

"माझा चहा झालाय," ती म्हणाली आणि गेली.

चिठ्ठ्या तपासल्या. नाव बरोबर, तारखा बरोबर, एका शब्दाचाही फरक नाही. मग राग कसला? संमती घ्यायला हवी होती, हे एक मान्य. पण माझ्या मनात वाईट हेतू असता तर मी तिची वाक्यं इतकी जपून ठेवली असती का?

२७ ऑक्टोबर, गुरुवार

फलाटावरून कॉलिनचा फोन. वादळामुळे त्याची पाळी लांबलीय. आवाज खरखरत होता. अँपारो शाळेची नोकरी सोडून नूरियाला घेऊन काल वालेन्सियाला गेली.

"पोरीला कशाला नेलं तिकडे, आजारी माणसाच्या घरात?" मी म्हटलं.

"कुणाकडे ठेवणार होती? मी इथे पाण्यात अडकलोय. आई, तिनं तुला विचारलं नव्हतं?"

"नाही."

"एकदाही?"

"कॉलिन, मी ऐकण्याचंच काम करते. विचारलं असतं तर ऐकलं असतं."

मग म्हणाला, "ती म्हणत होती, सहा आठवडे तुझ्याकडे नूरियाला ठेवून एकटीच जाईन, म्हणजे बाबांना रात्रंदिवस बघता येईल. आता तिकडे पोर तिच्या पायात घुटमळतेय आणि बाबा खाटेवर. ती एकटी काय काय करणार?"

मला फार लागलं. नातीला सहा आठवडे ठेवायला मी एका पायावर तयार झाले असते. साधं एक वाक्य बोलायला काय जड झालं होतं? माझ्यावर एवढाही विश्वास नसावा.

३१ ऑक्टोबर, सोमवार

व्याख्या दिली. 'स्पेनमधील वालेन्सिया भागातला, रुंद उथळ कढईत केशर घालून न ढवळता शिजवलेला भाताचा पदार्थ, मूळचा कोंबडी, ससा व शेंगा घालून केलेला, (सैल अर्थानं) मासे, मांस इत्यादी घातलेला तत्सम भात, (लाक्षणिक) सरमिसळ.' ऑगिल्वीसाहेबांनी दोनदा वाचली. "कोरून काढल्यासारखी झालीय," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

मग त्यांनी दाखल्यांचा गठ्ठा उचलला. "एकाच बाईच्या सहा चिठ्ठ्या? म्यूरिएल, हा कोश आहे, सुनेचं चरित्र नव्हे. तारखेनं लावा, कसाला उतरतील त्या दोन ठेवा, बाकीच्या काढून टाका."

३ नोव्हेंबर, गुरुवार

लावल्या.

कार्यालयात आणल्यापासून त्या अर्थानुसार वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. ही 'करण्याची रीत'मध्ये, ती 'सैल अर्थ'मध्ये. तारखेनं मी त्या कधी लावल्याच नव्हत्या. कस लावायची आमची जुनी पद्धत अशी की शब्दावर अंगठा ठेवायचा आणि उरलेलं वाक्य वाचायचं. अंगठ्याखाली काय आहे ते उरलेल्यावरून ओळखता आलं तर दाखला खणखणीत. मी पहिल्या चिठ्ठीवर अंगठा ठेवला.

कुणीतरी जाऊन बघायला पाहिजे.

दुसरी. तुमच्याकडे ही महिनाभर माझ्याशिवाय राहील.

तिसरी. बाबा एकटेच जेवतात. चौथी. डॉक्टर नाताळचं बोलत नाहीत. पाचवी. सगळ्याच गोष्टी थांबत नाहीत, म्यूरिएल. सहावीला अंगठा ठेवायचं धाडस होईना. मी इथून कशी उभी राहू?

'म्यूरिएल' हे माझं नाव तिनं वाक्यात घातलं होतं, आणि मी ते दाखल्याचा भाग म्हणून उतरवून घेतलं होतं.

ती विचारत होती. पाच आठवडे विचारत होती. मी तिला शिकवलं होतं त्याच पद्धतीनं, अडचण नुसती माझ्या टेबलावर ठेवून देत होती, आणि मी ती उचलून बुटांच्या खोक्यात टाकत होते. थेट विचारणाऱ्या मुलीला मी सभ्य केलं आणि मग तिच्या सभ्यपणाला बहिरी झाले. कॉलिनला मी किती ताठ्यात म्हटलं, मी ऐकण्याचंच काम करते! लाज वाटली. एकसष्टाव्या वर्षी कार्यालयातल्या टेबलाशी बसून मी रडले, आणि ऑगिल्वीसाहेब, देव त्यांचं भलं करो, उठून बाहेर गेले.

परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, "उरलेले पाच शब्द दुसऱ्या कुणाला द्या. मला रजा हवीय."

"किती दिवस?"

"ठाऊक नाही."

"छापखाना थांबणार नाही, म्यूरिएल."

"बातिस्तरावही थांबणार नाहीत," मी म्हटलं. कोण बातिस्तराव, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "जा तुम्ही."

४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आठला फोन लावला. बराच वेळ वाजला. नूरियाचं रडणं आधी ऐकू आलं, मग भांडं आपटल्याचा आवाज, मग अँपारो.

"मी म्यूरिएल."

नूरियाचं रडणं फोनच्या जवळ आलं.

मी चार वाक्यं पाठ करून बसले होते, सगळी 'जर तुला त्रास होणार नसेल तर' अशी सुरू होणारी. एकही कामाला आलं नाही. मी म्हटलं, "अँपारो, तू मला सहा वेळा विचारलंस. मी एकदाही ऐकलं नाही. माझी चूक झाली. उत्तर हो आहे."

"आता काय हो?" तिचा आवाज पार बसला होता. "नूरिया इथे आहे."

"मग मी तिथे येते. रविवारच्या विमानात जागा मिळतेय. पोरीला मी बघेन, भांडी घासेन, बाजार करेन. बोलता येत नाही तुमच्याकडचं, पण कामं करता येतात. तू तुझ्या बाबांपाशी उभी राहा."

पलीकडे नूरियानं मोठ्यानं काहीतरी मागितलं, अँपारोनं तिला तिच्या भाषेत गप्प केलं. 

"कसे आहेत ते?" मी विचारलं.

"पाणी घेतात चमच्यानं. मला ओळखतात. कधीकधी."

"मी येऊ?"

"या," ती म्हणाली. "लवकर या." आणि ठेवता ठेवता, रागानं नव्हे, चूक दुरुस्त करावी तशी म्हणाली, "सहा नाही, म्यूरिएल. सात."

"सात?"

"सात वेळा विचारलं. त्यातल्या एका वेळी तर सरळ विचारलं होतं. तुमचं सगळं शिकवलेलं बाजूला ठेवून. तुम्ही मान हलवलीत, मला वाटलं हो म्हणालात."

फोन ठेवल्यापासून मी आठवतेय. बॅग अर्धी भरून पलंगावर पडलीय. खोकं पुन्हा उपसलं, पर्स उलटी केली, कोटाचे खिसे पाहिले. सातवी चिठ्ठी नाही. ती कधी आली, कुठे उभी होती, काय शब्दांत म्हणाली, मला काही म्हणजे काही आठवत नाही. त्यात माझ्या कामाचा शब्द नसणार.